थोरल्या बुरजाची धाव

तांबजाई गडाच्या थोरल्या बुरजाला अमेरिकन फुटबॉलच्या निवडचाचणीचं बोलावणं आलं, ते रस्सीखेचीमुळे.

आमच्या तांबेवाडीच्या संघात थोरले सगळ्यात मागे असायचे. शेवटच्या गड्यानं दोर अंगाला गुंडाळायचा आणि जागा सोडायची नाही, एवढंच त्याचं काम. जागा न सोडण्याचा थोरल्यांना चारशे वर्षांचा सराव होता. ते तटातून हलत नसल्यामुळे तालुक्याच्या स्पर्धा गडाच्या माचीवरच भरवाव्या लागत, आणि बाकीची गावं कुरकुर करत चढून येत. एकदा हरलेल्या एका संघानं तक्रार म्हणून सामन्याचा व्हिडिओ काढला आणि दिसेल त्याला पाठवला. तो फिरत फिरत अमेरिकेत पोचला. तिथल्या व्यावसायिक संघांच्या मंडळानं तो पाहिला आणि शेवटच्या गड्याचं नाव विचारलं.

मी कुंदा जगदाळे, गावच्या हायस्कुलात खेळाची शिक्षिका. संघ माझा, म्हणून बोलावणं माझ्याकडे आलं. सरपंच बजरंगतात्या शेलारांना घेऊन मी गडावर गेले.

‘थोरले, अमेरिकेचं बोलावणं आलंय,’ तात्या म्हणाले.

‘कशापायी?’ थोरल्यांनी विचारलं.

मी खेळ समजावून सांगितला. नाव फुटबॉल असलं तरी चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. एक पोरगा तो फेकतो. त्याला फेकायला उसंत मिळावी म्हणून पाच आडदांड गडी त्याच्यापुढे ओळीनं उभे राहतात, त्याच्याकडे पाठ करून. समोरचे धावून येतात, त्यांना हे अडवतात. चेंडूला यांचा हात लागत नाही. मागे काय चाललंय ते यांना दिसत नाही. जिंकलं तर टाळ्या त्या पोराला मिळतात आणि यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात.

हे सगळं मी दोन वाक्यांतही सांगू शकले असते, कारण थोरल्यांना ते आधीच माहीत होतं.

‘येत्यात का पर ते अंगावर?’ त्यांनी विचारलं.

‘कोण?’

‘समोरचे.’

‘येतात. प्रत्येक डावाला येतात.’

 तात्या माझ्याकडे बघत राहिले. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण थोरल्यांसमोर कुणी बोलत नाही, ती गोष्ट अशी: गड पडला तेव्हा थोरल्यांवर एक दगडसुद्धा आला नाही. ते दक्षिणेकडे तोंड करून, छाती काढून उभे होते. किल्लेदारानं जहागिरीच्या बदल्यात उत्तरेचा दरवाजा आतून उघडून दिला. पाठीमागं गड गेला आणि थोरल्यांना ते सकाळी कळलं. त्यानंतर कुणी चालून आलंच नाही. येतात ते सहलीचे लोक, आणि ते थोरल्यांवर बदामाच्या आकारात नावं कोरतात.

‘पिंपळानं सांधं उकललंत,’ थोरले शेवटी म्हणाले. ‘अजून किती पावसाळं निघतील, सांगता येत न्हाई. पडायचं तर हायच. त्याच्या आधी एकदा कुणीतरी अंगावर यावं.’

‘निवड झाली तर येतील. नाही झाली तर परत इथेच,’ मी स्पष्ट सांगितलं. खेळाडूला खोटी आशा दाखवायची नाही, हा माझा नियम आहे.

‘मग करून घ्या तयारी, बाई,’ ते म्हणाले.

आता चाचणीत काय असतं, तर चाळीस यार्ड धावणं. सामन्यात हे अडवणारे गडी कधीही चाळीस यार्ड धावत नाहीत. चार पावलं गेले तरी पुष्कळ झालं. तरी निवडीआधी त्यांना एकेकट्याला धावायला लावतात आणि घड्याळ लावून बघतात. मी यावर हसणार होते, पण मला स्वतःला शिक्षिकेच्या मुलाखतीत ताजमहाल कुणी बांधला ते विचारलं होतं, म्हणून गप्प बसले.

मला सराव लगेच सुरू करायचा होता. थोरल्यांनी साफ नकार दिला. तटाची ओळ म्हणजे हद्द, आणि हद्द ओलांडायची ती दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या वेळी, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी समजावलं, चिडले, दोन दिवस गडावर गेलेच नाही. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. शेवटी दसऱ्याच्या संध्याकाळी पालखी निघाली, तिच्यामागे थोरले तटातून बाहेर आले, गावाच्या शिवेवरचा दगड ओलांडून त्यांनी आपट्याचं पान सांध्यात खोचून घेतलं आणि सगळ्यांबरोबर गावात, शाळेच्या मैदानावर मुक्कामाला परतले. त्यांच्या जागी तटात खिंड पडली होती. तिथे रस्सीखेचीच्या संघातले गडी आळीपाळीनं उभे राहतील असा ठराव ग्रामसभेत झाला. ते अजूनही उभे राहतात, आणि दक्षिणेकडेच बघतात.

बुरूज पळतो कसा, असं मला पुष्कळ जण विचारतात. सुरुवातीला वाईट पळतो. थोरले प्रत्येक पाऊल टाकण्याआधी वळून बघायचे, मागे सगळं जागेवर आहे ना म्हणून. ती सवय मोडण्यात दिवाळी गेली. शाळेची रेघा मारायची पांढरी फक्की पंधरा ऑगस्टला झेंड्याभोवतीची नक्षी काढण्यात संपली होती आणि नवी मागितली की मुख्याध्यापक ‘बघू’ म्हणत. म्हणून मैदानावर मी रेघ काही मारली नाही. ध्वजस्तंभापासून कडुनिंबापर्यंत धावायचं आणि माझी शिट्टी वाजली की थांबायचं, असा सराव केला. संक्रांतीपर्यंत थोरले असे पळायला लागले की आठवीच्या वर्गातले फळे भिंतीवरून उतरवून ठेवावे लागले. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. तोंडावर मी ते कधी बोलले नाही.

थोरले जहाजानं गेले, मी आणि तात्या विमानानं. सांध्यातल्या पिंपळासाठी वेगळी परवानगी लागली. तो झाड म्हणून चालणार नव्हता, पण शरीराचा भाग म्हणून चालला.

चाचणी एका छप्पर घातलेल्या मैदानात होती. दार इतकं मोठं होतं की थोरले सहज आत गेले असते, पण ते उंबऱ्याशी थांबले.

‘ह्ये दार उघडलं कुणी?’

‘ते उघडंच असतं,’ मी म्हणाले.

त्यांना ते आवडलं नाही. तरी आले.

आत शंभरावर अडवणारे गडी रांगेत होते, एकेक असा की आमच्या वर्गाच्या दारातून आडवं होऊन जावं लागेल. चाचणीचे प्रमुख पिकेट नावाचे गृहस्थ होते. वय झालेले, सरळ, गळ्यात घड्याळ. त्यांनी थोरल्यांकडे खालून वर एकदा पाहिलं आणि छातीवर लावायचा क्रमांक दिला. वजन केलं, काटा शेवटच्या आकड्याला जाऊन थांबला, तेव्हा त्यांनी वजनापुढे ‘पुरेसं’ असं लिहिलं. दांडी उचलायच्या चाचणीतून हात नसल्यामुळे सूट मिळाली. उभ्या उडीच्या वेळी दोन पंच जमिनीला गाल लावून झोपले आणि दोघांनीही खालून उजेड दिसला अशी साक्ष दिली. तात्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

संघांचे लोक मुलाखती घ्यायचे. बहुतेकांनी थोरल्यांना आहाराबद्दल विचारलं. बोमन नावाच्या एका बाईंनी वेगळं विचारलं. त्यांचा संघ सलग काही वर्षं शेवटचा येत होता आणि त्यांचा चेंडू फेकणारा पोरगा गेल्या मोसमात दोनदा इस्पितळात गेला होता.

‘तुमच्या मागे उभा असलेला मुलगा काय करतोय, ते तुम्हाला दिसणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानं चूक केली, तरी नाही. चालेल?’

मी भाषांतर करून सांगितलं.

‘आजवर कधी दिसलं न्हाई,’ थोरले म्हणाले.

बोमन बाईंनी काही लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं.

मग धाव आली. पिकेट साहेबांनी नियम वाचून दाखवले. खेळाडू हलला की घड्याळ सुरू होईल. रेघ ओलांडली की थांबेल. मधे बाहेरच्या कुणीही खेळाडूला हात लावायचा नाही आणि घड्याळ मधेच बंद करायचं नाही. प्रत्येकाला दोन संधी. थोरल्यांनी पवित्रा घेतला. मी शिट्टी ओठात धरली, सवयीनं.

ते निघाले, आणि तसे ते शाळेच्या मैदानावर कधीच पळाले नव्हते. वरचे दिवे हलायला लागले. रांगेतले गडी उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता झालं. आणि थोरले शेवटच्या रेघेच्या वीतभर अलीकडे येऊन थांबले.

‘थोरले, एक पाऊल,’ मी ओरडले.

‘रेघ हाय,’ ते म्हणाले.

‘ती ओलांडायचीच आहे.’

‘पांढरी हाय. दोन्ही टोकांस्नी खुणा हायत्या. हद्द हाय ही, बाई.’

‘शर्यतीची रेघ आहे ती, शेवट दाखवायला.’

‘शेवट दाखवती तीच हद्द. दसरा हाय का आज?’

मार्च महिना होता. पिकेट साहेबांच्या हातात घड्याळ चालत होतं. तात्या धावत खाली आले. त्यांनी सुचवलं की आपण सगळे मिळून आज दसरा आहे असं म्हणू, गावात ग्रामसभा अशा गोष्टी करू शकते.

‘म्हनून होत नसतोय दसरा,’ थोरले म्हणाले.

मी शिट्टी फेकून दिली. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. पहाटे उठून या बुरजाला मी पळायला शिकवलं, त्याची मागे बघायची सवय मोडली, आणि आता एका वितेसाठी तो निवडीतून जाणार, परत जाऊन पिंपळाबरोबर एखाद्या श्रावणात खाली बसणार, अंगावर बदाम घेऊन. हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं. चारचौघांत सांगितलं.

‘खरं हाय तुमचं,’ ते म्हणाले. ‘पर एका रेघंला जुमानलं न्हाई, तर मग कुठल्याच रेघंला काय अर्थ ऱ्हातोय?’

 

पिकेट साहेबांना मी परिस्थिती सांगितली. त्यांनी नियम पुन्हा वाचले. घड्याळ बंद करता येत नव्हतं, कारण धाव संपली नव्हती. थोरल्यांना बाद करता येत नव्हतं, कारण त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. ‘मग दसऱ्याची वाट बघू,’ ते म्हणाले आणि खुर्ची मागवली. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

पण धावेची वाट अडली होती आणि मागे शंभर गडी खोळंबले होते. पुढचा नंबर ओटिस नावाच्या पोराचा होता. मोठा, लाजाळू, आईला घेऊन आलेला. तो पिकेट साहेबांकडे गेला आणि वाट अडवणाऱ्याला बाजूला करायची परवानगी आहे का, असं विचारलं. साहेबांनी नियम पाहिले. बाहेरच्यांनी हात लावायचा नव्हता, पण एका खेळाडूनं दुसऱ्याला हटवण्याबद्दल मनाई नव्हती. फक्त पाठीवर धडक मारणं या खेळात गुन्हा आहे, तेव्हा जे काही करायचं ते समोरून करावं लागेल.

म्हणून ओटिस वळसा घालून रेघेच्या पलीकडे गेला. लांब जाऊन त्यानं तोंड फिरवलं, एक हात जमिनीला टेकवला आणि वर पाहिलं.

थोरल्यांनी ते पाहिलं. हद्दीच्या पलीकडून कुणीतरी त्यांच्या रोखानं चालून येत होतं.

धडक बसली तो आवाज फार मोठा नव्हता. सांध्यांतली चारशे वर्षांची माती खाली आली आणि पिंपळाची पानं हलत राहिली. ओटिस पाठीवर पडला होता. त्याची आई उभी राहिली. थोरले जिथे होते तिथेच होते.

‘कोन आलं हुतं?’ त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

‘ओटिस,’ मी म्हणाले.

‘लागलं का त्याला?’

मी विचारलं. ओटिस म्हणाला, नाही.

‘मग परत यायला सांगा,’ थोरले म्हणाले.

तो परत आला. मग त्याच्यामागचा आला. दुपारपर्यंत शंभरच्या शंभर येऊन गेले, नंतर दोघं दोघं, नंतर पाच जण मिळून ओळीनं. आपापली घड्याळं घेऊन वर बसलेले संघांचे लोक खाली येऊन उभे राहिले. थोरले हलले नाहीत. दर धडकेनंतर ते फक्त नाव विचारायचे आणि मी सांगायची. त्यांनी एकही नाव विसरलेलं नाही. मी शिट्टी शोधून परत गळ्यात घातली आणि डोळे पुसले. तात्यांनी तिकडे बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

बाकीच्यांच्या धावा शेजारी दुसरी रेघ आखून घेतल्या.

निवडीचा दिवस एप्रिलमध्ये होता. मैदानात थोरल्यांसमोर टीव्ही आणून ठेवला. एकेक संघ एकेक नाव घेत होता आणि नावाबरोबर धावेची वेळ वाचली जात होती. थोरल्यांच्या नावापुढे ‘चालू आहे’ असं होतं. ज्याची वेळच ठाऊक नाही त्याला कसा घ्यायचा, असं टीव्हीवरचे जाणकार म्हणत होते. ओटिसचं नाव लवकर आलं, पण थोरल्यांचं काही येईना. फेऱ्या संपत आल्या तसे तात्या परतीच्या जहाजाची चौकशी करायला लागले. मी त्यांना गप्प केलं. शेवटच्या फेरीत, अगदी शेवटून दुसरं, बोमन बाईंनी थोरल्यांचं नाव घेतलं. एवढ्या हळू खेळाडूला का घेतलं, असं कुणीतरी विचारलं.

‘तो हळू नाही,’ बाई म्हणाल्या. ‘त्याचं अजून संपलेलं नाही.’

मी थोरल्यांना सांगितलं.

‘मंजी येनार का आता रोज?’

‘दर रविवारी.’

‘रविवार तर रविवार,’ ते म्हणाले.

धाव पुरी होईपर्यंत थोरल्यांना तिथून हलवता येणार नव्हतं, म्हणून बोमन बाईंनी ते मैदानच घेतलं आणि सामन्याचा आखाडा थोरल्यांभोवती आखून घेतला. चेंडू थोरल्यांच्या रेघेवर असेल तेव्हाच ते खेळतात. तेव्हा चेंडू होता होईल तो तिथेच ठेवायचा, असा डावपेच बसवला गेला. त्यामुळे गुण फार होत नाहीत. पण मागचा पोरगा सबंध मोसमात एकदाही जमिनीवर पडलेला नाही. तो हल्ली सामन्याच्या आधी येऊन थोरल्यांच्या पाठीला हात लावून जातो. थोरल्यांना ते दिसत नाही, पण कळत असावं.

दसरा रविवारीच आला. तात्या आपट्याची पानं घेऊन विमानतळावर उतरले तेव्हा त्यांना अडवलं. हे काय आहे विचारल्यावर त्यांनी सोनं म्हणून सांगितलं आणि जकात भरून बाहेर आले.

सामन्याच्या मध्यंतरात सगळे उभे राहिले. पिकेट साहेब मार्चपासून त्याच खुर्चीत होते. अंगठा कळीवर होता. मी मुहूर्त बघितला आणि मान हलवली. थोरल्यांनी पाऊल उचललं आणि रेघ ओलांडली.

साहेबांनी घड्याळ थांबवलं. वेळ मोठ्यानं वाचली, आणि ती नोंदली गेली. थोरल्यांनी तात्यांच्या हातून त्यांना आपट्याचं पान दिलं.

‘सोनं घ्या, सोन्यासारखे ऱ्हावा,’ ते म्हणाले.

मी भाषांतर केलं. साहेबांनी पान खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. मग थोरल्यांनी मला पान दिलं, तात्यांना दिलं, मागच्या पोराला दिलं आणि समोरच्या संघात ओटिस होता, त्यालाही दिलं. सीमोल्लंघन झालं की घरी यायचं असतं. ते वळले, रेघेच्या अलीकडे आपल्या जागी आले आणि छाती काढून उभे राहिले.

पिकेट साहेबांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

‘नियमाप्रमाणे प्रत्येकाला दोन संधी असतात,’ ते मला म्हणाले. ‘दुसरी धाव त्यांना कधी घ्यायची आहे?’

मी विचारलं. पलीकडे ओटिसनं पान पायमोज्यात खोचलं होतं आणि एक हात जमिनीला टेकवला होता.

‘फुडल्या दसऱ्याला,’ थोरले म्हणाले. ‘आता जरा बाजूला व्हा म्हनावं साहेबांस्नी. मानसं यायला लागल्यात.’